इंडिकेटर आपल्यासाठी नसतो, मागच्यासाठी असतो

चितेगावला कंपन्यांची पाळी सुटली की पैठण रोडवर मोटारसायकली, रिक्षा, ट्रक आणि कामगारांच्या बस एकदमच येतात. मगरिबनंतरच्या अंधारात पुढची दुचाकी वळणार की सरळ जाणार, हे मागच्या ट्रकचालकाला इंडिकेटरवरूनच कळते.

हल्ली तरुण मुले जुने बल्ब काढून एलईडी बसवतात. कल्पना चांगली आहे. दुचाकीच्या इंडिकेटरचा जुना बल्ब साधारण १० वॅटचा असतो. एलईडी एक-दोन वॅटमध्ये काम भागवतो. तो तत्क्षणी पेटतो, आणि आत तार नसल्याने खड्ड्यांच्या हादऱ्याने ती तुटण्याचा प्रश्नच नाही.

मात्र नुसता बल्ब बदलला, की बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर भराभर फडफडतो किंवा लुकलुकतच नाही. याचे कारण फ्लॅशर. जुना फ्लॅशर बल्बच्या वीजवापरावर चालतो. वापर एकदम घटला, की एक बल्ब गेला असे समजून तो वेग वाढवतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे इंडिकेटर पिवळसर-नारिंगी रंगाचा असावा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा. निळा, हिरवा किंवा पांढरा झगमगाट दिसायला छान वाटेल, पण मागच्याला त्यातून वळण समजत नाही.

म्हणून एलईडीसोबत एलईडीचाच फ्लॅशर घ्यावा. जुन्याच्या पिना आणि त्यांची जागा जुळवून पाहावी. काही मेकॅनिक फ्लॅशर न बदलता रेझिस्टर जोडतात. तो चांगलाच तापतो. प्लॅस्टिक आणि वायरींपासून दूर, धातूवरच बसवायला सांगावे. डाव्या-उजव्यासाठी मीटरवर एकच दिवा असेल, तर चारही इंडिकेटर एकदम लुकलुकू शकतात. तिथे डायोड लावावे लागतात. गाडी वॉरंटीत असेल, तर वायर कापण्याआधी चौकशी करावी.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी तपासा. घड्याळ लावून १५ सेकंद मोजा : १५ ते ३० वेळा लुकलुकले पाहिजे. मग भर उन्हात काही पावले मागे जाऊन पाहा. तिथून दिसत नसेल, तर तो बल्ब कामाचा नाही. नव्या फ्लॅशरमुळे बल्ब गेल्याची खूण बहुधा मिळत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा गाडीभोवती फेरी मारून चारही दिवे बघावेत.

आणखी एक गोष्ट. काही नवे फ्लॅशर टिकटिक करत नाहीत. त्यामुळे वळून झाल्यावर इंडिकेटर चालूच राहतो. मागचा माणूस त्यावर भरवसा ठेवून चुकीच्या बाजूने पुढे निघतो.

रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे हा सदका आहे, अशी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आपण मुलांना देतो. दगड, काटे यांच्यासोबत चुकीचा इशाराही त्यात मोजायला हवा. मागून येणाऱ्याचा आपल्यावर हक आहे. घरातली मुलगी स्कूटी घेऊन निघण्याआधी तिला एवढे जरूर सांगा : वळण्याआधी लाव, वळल्यावर बंद कर.