मागच्या सीटचा कौल

वापरलेल्या मोठ्या क्रूझरच्या जाहिराती वाचायला बसलं की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. गाडी दहा वर्षांची आणि किलोमीटर पाहावेत तर आठ-अकरा हजार. सोबत ठरलेली वाक्यं: 'सिंगल हँड', 'शोरूम मेंटेन', 'पावसात काढलेली नाही', 'सिरियस बायर्सनीच फोन करावा'. एवढ्या हौसेनं घेतलेली गाडी चालली का नाही, हे मात्र जाहिरातीत लिहिलेलं नसतं. समोर बसून चहा घेताना मालक ते सांगतो. सिग्नलला पाय भाजतात. पार्किंगमधून काढताना घाम फुटतो. आणि मग जरा आवाज खाली करून, "हिला मागं बसायला आवडत नाही हो."

गाडी घेताना या 'हिला' कोणी विचारलेलं नसतं. मी ती मागं बसणारी बाई आहे, अनेक वर्षं आणि अनेक गाड्यांवर. म्हणून हा लेखही मागून पुढे लिहिते आहे: आधी सीट, मग इंजिन, शेवटी कागद. दोघांनी लांब फिरायला जुनी क्रूझर घ्यायची असेल तर ती याच क्रमानं बघावी, असं माझं ठाम मत आहे. एकट्यानं फिरायचं असेल तर गोष्ट वेगळी. हौस त्याची, पाठही त्याची.

क्रूझर लांबून बघितली की वाटतं, हिच्याइतकी आरामाची गाडी नसेल. चालवणाऱ्यापुरतं ते खरंही आहे. त्याची सीट दोन चाकांच्या मध्ये, जमिनीलगत असते. मागचं चाक खड्ड्यात गेलं तरी त्या धक्क्याचा काहीच भाग त्याच्यापर्यंत पोचतो. मागचा माणूस जवळजवळ मागच्या आसावरच बसलेला असतो, त्याच्या वाट्याला अख्खा धक्का येतो. त्यात गाडी बुटकी दिसावी म्हणून मागचे शॉकअप आखूड ठेवलेले. रॉयल एनफिल्डच्या सुपर मीटिओर ६५० चं उदाहरण घ्या: पुढचं सस्पेन्शन १२० मिलिमीटर दबतं, मागचं १०१. त्यामुळे स्पीडब्रेकरवर पुढचा म्हणतो, 'काय मस्त गाडी आहे!' आणि मागचा गप्प असतो.

दुसरा हिशोब वजनाचा, आणि तो करणारा ग्राहक मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. गाडीच्या पुस्तिकेत दोन आकडे असतात. एक टाकी भरून उभ्या गाडीचं वजन, दुसरा माणसं-सामानासकट जास्तीत जास्त वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडी किती ओझं नेऊ शकते ते कळतं. समजा वजाबाकी १८० किलो आली. चालवणारा ८२, मागची व्यक्ती ६४, दोघांची हेल्मेटं, जॅकेटं, बूट मिळून १२. झाले १५८. उरले २२ किलो, आणि त्यातही आधीच्या मालकानं बसवलेला क्रॅशगार्ड, मोठी काच, सॅडलबॅगांच्या लोखंडी पट्ट्या आणि बॅकरेस्ट मोजायचे. म्हणजे चार दिवसांच्या कपड्यांना जागा उरली पाच-दहा किलोंची. गाडी स्वतः अडीचशे किलोंची आहे म्हणून ती वाट्टेल तेवढं ओझं नेईल, हा गैरसमज आहे. जड गाडीला जास्त भार झेपतोच असं नाही. कित्येकदा एखादी साधी टूरिंग बाइक तिच्यापेक्षा जास्त वाहून नेते.

आता बाजारात मिळतं काय, ते बघू. आपल्याकडच्या मोठ्या क्रूझरच्या जुन्या बाजारात सर्वांत मोठा वाटा हार्ले-डेव्हिडसनचा. कंपनीनं २०१० मध्ये भारतात विक्री सुरू केली, हरियाणात बावलला जुळणी केली आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिथला कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. लगेच पुढच्या महिन्यात हीरो मोटोकॉर्पशी करार झाला आणि विक्री, सर्व्हिस, पार्ट त्यांच्याकडे गेले. बातमी ऐकून तेव्हा घाबरून काढलेल्या गाड्या अनेक हातांतून फिरत आज पुन्हा बाजारात येतात.

दोघांच्या प्रवासासाठी त्यांतल्या कोणत्या? फॉर्टी-एट दिसायला देखणी आहे, पण ती मुळात एका सीटची, आणि टाकी आठ लिटरसुद्धा नाही. तिच्यावर मागची सीट लावून कोकणात निघणं म्हणजे पेट्रोलपंपांची यात्रा. स्ट्रीट ७५० स्वस्तात मिळते आणि इंजिन पाण्यानं थंड राहतं म्हणून शहरात बरी, मात्र मागची सीट अगदी चिमुकली. खरी जोडप्याची गाडी म्हणजे हेरिटेज सॉफ्टेल किंवा रोड किंग. बॅगा, काच, रुंद सीट सगळं कारखान्यातूनच आलेलं. किंमत अर्थातच तशी आणि वजनही तसंच. ती वळवून ठेवता येते का, हे आधी स्वतःच्या बिल्डिंगच्या उतारावर कल्पना करून बघावं.

कावासाकीची व्हल्कन एस २०१७ च्या अखेरीस भारतात आली. तिचं ६४९ सीसीचं इंजिन कंपनीच्या निंजा ६५० च्याच कुळातलं, त्यामुळे ते माहीत असलेले मेकॅनिक सापडतात. चालवायला गोड, मागं बसायला मात्र सीट बदलल्याशिवाय नको. ट्रायम्फची थंडरबर्ड स्टॉर्म किंवा ह्योसंगची अक्विला स्वस्तात समोर आली तर मोहात पडण्याआधी पार्टवाल्याला फोन करावा. ह्योसंग आपल्याकडे आधी गरवारे, मग डीएसके असे हात बदलत आली. अशा गाडीचा एक क्लच केबलचा तुकडा मिळवायलाही कधी महिना जातो.

आणि मग सुपर मीटिओर. ती जानेवारी २०२३ मध्ये विक्रीला आली, म्हणून पहिल्या हप्त्यातल्या गाड्या आता वापरलेल्या बाजारात दिसू लागल्या आहेत. वजन २४१ किलो, इंजिन इंटरसेप्टरवालंच ६४८ सीसीचं, आणि सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावीसुद्धा. तिची सेलेस्टियल ही आवृत्ती काच, टूरिंग सीट आणि मागच्यासाठी बॅकरेस्टसह येते. जुनी घेताना शक्यतो तीच शोधावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या दुचाकींना ४० टक्के जीएसटी लागू झाला, त्यामुळे नव्या मोठ्या गाड्या महागल्या. साहजिकच जुन्यांचे मालकही आता भाव धरून बसतात.

गाडी बघायला जायची वेळ शक्यतो सकाळची ठेवावी, आणि मालकाला सांगून ठेवावं की आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या तळघरात आम्ही असेच सातला पोचलो. गाडी चकचकीत पुसलेली. मालकानं मला हसून सांगितलं, "वहिनी, बसून बघा, सोफा आहे सोफा." मी बसण्याआधी इंजिनाच्या पंखांजवळ हात नेला. गरम.

"सकाळीच चालवलीत वाटतं?" नवऱ्यानं विचारलं.

"हो, जरा दूध आणायला गेलो होतो."

तीनशे किलोंची गाडी दुधाला! थंड इंजिन एका दमात चालू होतं का, सुरुवातीला धूर येतो का, टॅपेटचा आवाज किती वेळ राहतो, हे सगळं थंड असतानाच कळतं. तापवलेली गाडी सगळं झाकून ठेवते. तरीही मी बसले. गुडघे छातीशी आले, कारण मागचे फूटरेस्ट उंचावर. हात धरायला पट्टासुद्धा नव्हता. उजवी पोटरी सायलेन्सरपासून चार बोटांवर. सीट मागच्या बाजूला उतरती, म्हणजे गाडीनं वेग घेतला की मी घसरणार. चालवणाऱ्याच्या सीटखाली स्पंज बोटभर जाड, माझ्याखाली कागदाएवढा. सोफा होता, पण एकट्याचा. आम्ही चहा पिऊन निघालो.

तर मागच्यानं काय तपासायचं, ते या प्रसंगातच आलं: गुडघ्याचा कोन, धरायला जागा, सायलेन्सरचं अंतर, सीटचा उतार, पाठीला टेका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानुसार मागच्यासाठी हाताची पकड, फूटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक झाकणारा गार्ड, म्हणजे आपला साडीगार्ड, असायलाच हवा. हौशी मालक हे तिन्ही काढून माळ्यावर टाकतात. ओढणी घेणारीला त्याचं मोल विचारा.

यंत्राची तपासणी जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावी, पण काही गोष्टी कुणालाही दिसतात. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. '२३१९' म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांचा टायर कडक झालेला असतो, आणि दोघांच्या वजनानं ओल्या घाटात त्याच्यावर भरवसा ठेवू नये. मोठ्या क्रूझरचा मागचा टायर स्वस्त नसतो, तेवढे पैसे भावातून कमी करून घ्यावेत. हँडल सरळ धरून पुढचं चाक थोडं उचललं आणि वळवताना मध्येच अडकलं, तर कोनसेट गेला. फोर्कवर तेलाचं ओलसर कडं दिसलं तर सील गेलं. बेल्टवर चालणाऱ्या गाडीत बेल्टच्या दातांत अडकलेले खडे आणि कडेचे चिरे बघावेत. बेल्टला तेल-ग्रीस लागत नाही, पण खडीच्या रस्त्यावर तो दुखावतो आणि बदलायला बरंच काही खोलावं लागतं. क्रॅशगार्डच्या टोकाला खरचटलेलं असलं तरी मी त्याला फार महत्त्व देत नाही; उभी गाडी कुणाचीही पडते. हँडलच्या टोकाला, आरशाला आणि फूटरेस्टला एकाच बाजूला ओरखडे असतील तर मात्र गाडी चालती पडलेली आहे.

कमी किलोमीटरचं आकर्षण आवरावं, हे मी मुद्दाम सांगते. चार वर्षं कव्हरखाली उभी असलेल्या गाडीत ब्रेक ऑइल पाणी शोषून बसतं, बॅटरी मरते, ऑइल सील सुकतं, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत पडून राहिलं तर टाकी आतून गंजते. बॅटरीचा टॉर्च टाकीत मारून बघायला एक मिनिट लागतं. दरवर्षी सर्व्हिस झालेली, पंचवीस हजार चाललेली गाडी मला आठ हजारवालीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

टेस्ट राइड दोघांनीच घ्यायची. मालक 'एक राऊंड मारा' म्हणतो, तेवढ्यानं भागत नाही. आपली गाडी आणि ओळखपत्र त्याच्याकडे ठेवावं, गाडीचा विमा चालू आहे हे आधी बघावं आणि किमान अर्धा तास मागावा. खराब रस्ता, दोन-तीन मोठे स्पीडब्रेकर, एक चढण, एक अरुंद यू-टर्न. दोघं बसल्यावर पोट घासतं का, हे स्पीडब्रेकरवर कळतं. वळणावर फूटबोर्ड लवकर टेकतो, दोघं असताना आणखी लवकर. घाटात तो आवाज ऐकून मागचा माणूस दचकून उलट्या बाजूला झुकतो, आणि तेच धोक्याचं. मागच्या शॉकअपची स्प्रिंग दोघांच्या वजनाप्रमाणे कडक करायचा पाना गाडीबरोबर आहे का, तेही विचारावं. निम्म्या मालकांना तो असतो हेच ठाऊक नसतं.

इथे महाराष्ट्रातल्या रस्त्यांची एक गंमत सांगायला हवी. ज्या सरळसोट, रुंद रस्त्यांवर अशी गाडी खुलावी, ते बहुतेक दुचाकीला बंद. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी, वांद्रे-वरळी सी लिंकवर बंदी. मग फिरायचं कुठं? जुना मुंबई-पुणे रस्ता, सातारा-कोल्हापूरचा महामार्ग, ताम्हिणी, कुंभार्ली, आंबोली. म्हणजे ताशी साठ-ऐंशीचा प्रवास, घाट, गावातले गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे. इथे १८०० सीसीचा जोर कुणी वापरत नाही. कमी वेगात न गुरगुरता ओढणारं इंजिन आणि निरोगी मागचं सस्पेन्शन या दोन गोष्टी कामाला येतात. मोठी गाडी घ्यावी, पण 'जेवढी मोठी तेवढी आरामाची' या हिशोबानं नको.

कागदांत घाई करू नये. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसीसुद्धा. दिल्लीची गाडी इथे स्वस्त वाटते, पण महाराष्ट्रात नोंदवताना रोड टॅक्स भरावा लागतो. तो धरून किंमत काढली की स्वस्ताई बरीच ओसरते. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवावेत. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का, ते बघावं. कर्कश सायलेन्सर लावलेला असेल तर मूळचा कुठं आहे ते विचारावं. नाहीतर चौकात दंड तुम्ही भरणार. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, म्हणून पुढचा हप्ता थोडा चढतो.

घासाघीस करताना टायर, बॅटरी, चेन किंवा बेल्ट हे नेहमीचे मुद्दे असतातच, पण मागच्या सीटचाही खर्च त्यात धरावा. चांगला सीटवाला मूळ बैठकीत फोम भरून उतार सपाट करून देतो, आणि त्यासाठी बसणाऱ्यानं स्वतः जाऊन मापाला बसावं लागतं. बॅकरेस्ट कमरेच्या वर टेकायला हवा, मणक्याच्या तळाशी नको. आणि सौदा पक्का करण्याआधी मालकाला विचारावं की मूळची मागची सीट, ग्रॅब रेल, साडीगार्ड आणि फूटरेस्ट कुठं आहेत. बहुतेक वेळा ते माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले असतात. पैसे देण्याआधी काढून आणायला लावावेत. नंतर तो फोन उचलत नाही.