गेम ढगात, बोट कळंबात

“अब्बा, महागडा कॉम्प्युटर घ्यायची आता गरजच नाही. महिन्याचे पैसे भरले की गेम थेट इंटरनेटवरून चालतो.”

कळंबसारख्या गावात मुलाने असे म्हटले की अब्बा मनातल्या मनात हिशेब मांडू लागतात. भारी गेम चालवणारा कॉम्प्युटर सहज पन्नास हजारांच्या पुढे जातो. कांदा-टोमॅटोच्या भावावर ज्या घराचा महिना ठरतो, तिथे ही रक्कम लहान नाही. त्या मानाने महिन्याचे काही शे रुपये सोपे वाटतात. मुलगा खोटे बोलत नसतो, पण गोष्ट अर्धीच सांगत असतो.

आधी हे चालते कसे ते पाहू. आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्या फक्त आकाशातले संकेत गोळा करतात. ते संकेत ऑप्टिकल फायबरने खोडदच्या इमारतीत जातात आणि आकडेमोड तिथे होते. क्लाऊड गेमिंगमध्येही काम असेच वाटलेले असते. गेम कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालतो. आपण बटण दाबले की तो इशारा तिकडे जातो आणि बदललेले चित्र व्हिडिओच्या रूपात परत येते. म्हणून साधा मोबाइल किंवा जुना लॅपटॉपही पुरतो.

“मग यूट्यूब अडखळत नाही, गेम का अडखळतो?” हा प्रश्न मुले हमखास विचारतात. यूट्यूबचा व्हिडिओ पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो. मध्येच नेट गेले तरी थोडा वेळ साठ्यावर निघतो. गेममध्ये पुढचे चित्र तुमच्या बोटावर ठरते, त्यामुळे साठा करायला काही नसतेच. अंतर हा मोठा अडथळा नाही. सर्व्हर मुंबईत असेल तर फायबरमधून प्रकाशाला कळंबपासून तिथे जायला जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद लागतात. उशीर होतो तो मोबाइल टॉवरवरच्या गर्दीत, घरातल्या वायफायमध्ये आणि चित्राचा व्हिडिओ करून तो पुन्हा उलगडण्यात. एन्व्हिडिया कंपनी आपल्या जीफोर्स नाऊ सेवेसाठी हा उशीर ८० मिलिसेकंदांच्या आत मागते आणि ४०च्या आत असावा असे सुचवते.

दुसरी गोष्ट डेटाची. याच सेवेला ७२० पिक्सेलच्या चित्रासाठी सेकंदाला किमान १५ मेगाबिट आणि १०८० साठी २५ मेगाबिट वेग लागतो. हा वेग पूर्ण वापरला तर तासाला अनुक्रमे पावणेसात आणि सव्वाअकरा जीबी जातात. रोज दोन जीबी देणारे मोबाइलचे पॅक पहिल्या हिशेबाने अठरा मिनिटांत संपेल. त्याच पॅकवर बहिणीचा ऑनलाइन तास आणि दुबईतल्या मामूंचा व्हिडिओ कॉल चालत असेल, तर भांडण ठरलेलेच. म्हणजे घरात फायबरचे कनेक्शन नसेल तर हा विषय तिथेच संपतो. फायबर असले तरी वीज गेली की राउटर बंद पडतो.

तिसरी गोष्ट मालकीची. गूगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टेडिया नावाची अशीच सेवा परदेशांत सुरू केली आणि १८ जानेवारी २०२३ला बंद केली. घेतलेल्या गेमचे पैसे कंपनीने परत केले, पण गेम गेले ते गेलेच. भारतात मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सची क्लाऊड सेवा आणली, जिओचीही स्वतःची सेवा आहे. तरी वर्गणी म्हणजे भाडे. भाडे थांबले की घर सोडावे लागते.

मग मुलाला नाहीच म्हणायचे का? तसे नाही. पण आधी परीक्षा घ्या. रात्री नऊच्या सुमारास, सगळे ऑनलाइन असताना, घरातला वेग आणि ‘पिंग’ मोजायला त्यालाच सांगा. दुपारचा आकडा धरू नका. जमल्यास राउटरपासून केबल जोडा. वर्षाची वर्गणी एकदम भरू नका, एक महिना पाहा. कोडी आणि डावपेचांचे गेम थोडा उशीर सहन करतात. गाड्यांची शर्यत, फुटबॉल, नेमबाजी यांत तोच उशीर जिवावर येतो.

गेम कोणता हेही विचारा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे तर जुगार पहिल्यापासून हरामच आहे. साधा खेळ आणि जुगार यांतला फरक मुलाला घरातच कळायला हवा.

आणखी एक. कॉम्प्युटर महाग होता तेव्हा पैशांअभावी का होईना, एक आडकाठी होती. आता खेळ खिशातल्या मोबाइलवर आला आहे. इशाच्या नमाजनंतर किती वेळ खेळायचे, फज्रला कोण उठवणार आणि परीक्षेच्या महिन्यात वर्गणी बंद ठेवायची का, हे कोणतीही कंपनी ठरवून देणार नाही. पैसे भरण्याआधी अम्मी, अब्बा आणि मुलाने एका दस्तरखानावर बसून ते ठरवावे. पैसा हलाल कमाईचा आहे आणि वेळ अल्लाहची अमानत आहे. दोन्हींचा हिशेब द्यायचा आहे.