मरणाऱ्या ताऱ्याचा पत्ता

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जाऊन उत्तरेकडे तोंड केले, की सप्तर्षी सहज सापडतात. पतंगाच्या शेपटीसारखे जे तीन तारे आहेत, त्यांतले शेवटचे दोन म्हणजे वसिष्ठ आणि मरीची. या दोघांना धरून ध्रुवाच्या बाजूला एक समभुज त्रिकोण मनाशी कल्पा. त्याचे तिसरे टोक जिथे येईल तिथे नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही. पण हाताशी दुर्बीण असेल आणि शहरातल्या दिव्यांपासून तुम्ही लांब असाल, तर एक पुसट पांढुरका डाग दिसेल. हा डाग म्हणजे एम १०१ नावाची दीर्घिका. आपल्यापासून सुमारे दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षे दूर असलेले ताऱ्यांचे हे प्रचंड चक्र दिवाळीतल्या भुईचक्रासारखे फाटे फेकत फिरते आहे आणि योगायोगाने आपल्याला अगदी समोरून दिसते.

या एकाच दीर्घिकेत बारा वर्षांच्या आत दोन तारे फुटलेले आपण पाहिले. पहिला २४ ऑगस्ट २०११ रोजी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या स्वयंचलित सर्वेक्षणात सापडला, तोही स्फोटानंतर अर्ध्या दिवसाच्या आत. दुसरा १९ मे २०२३ रोजी जपानमधील कोइची इतागाकी यांनी टिपला. इतागाकी हे हौशी निरीक्षक. पण असे तारे हुडकण्यात त्यांनी अनेक व्यावसायिकांना मागे टाकले आहे. दोन्ही तारे काही आठवडे साध्या दुर्बिणीतून दिसत होते. दुसऱ्याचे वेध लडाखमधील हानले येथील आपल्या दुर्बिणींनी आणि ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या आपल्या उपग्रहानेही घेतले.

दोन्हींना नाव एकच, अतिनवतारा. पण ते मेले वेगवेगळ्या रोगांनी.

२०२३ मध्ये फुटलेला तारा दीर्घिकेच्या एका फाट्यावर, जिथे वायूचे मोठे ढग आहेत आणि नवे तारे जन्माला येतात, अशा वस्तीच्या लगत होता. हबल दुर्बिणीने पूर्वी काढून ठेवलेली छायाचित्रे शोधली, तेव्हा नेमक्या त्याच जागी धुळीत गुरफटलेला एक तांबडा महाराक्षसी तारा आढळला. म्हणजे मृताचा जिवंतपणीचा फोटो हाती लागला. २०११ च्या ताऱ्याच्या जागीही असाच शोध घेतला. तिथे काहीच नव्हते, आणि ‘काहीच नसणे’ हाच पुरावा ठरला. तिथे मोठा तेजस्वी तारा असता तर हबलला तो दिसलाच असता. तेव्हा जे फुटले, ते काहीतरी छोटे, निस्तेज असे होते.

हा फरक समजायला ताऱ्यांच्या आयुष्याचा हिशेब पाहावा लागतो. ताऱ्यांच्या बाबतीत श्रीमंत लवकर मरतो. आपला सूर्य साधारण हजार कोटी वर्षे तेवत राहील. त्यातली ४६० कोटी त्याने संपवली आहेत. सूर्याच्या वीसपट वस्तुमानाच्या ताऱ्याजवळ इंधन वीसपट असते, पण उधळपट्टी हजारो पट. एक कोटी वर्षांच्या आसपास त्याचे दिवाळे वाजते. गाभ्यात लोखंड साठते, लोखंडाच्या मीलनातून ऊर्जा मिळत नाही, आणि वरच्या भाराखाली गाभा सेकंदाच्या आत ढासळतो. बाहेरचे थर उधळले जातात आणि मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर उरते.

एक कोटी वर्षे हा काळ दीर्घिकेच्या दृष्टीने काहीच नव्हे. सूर्याला आकाशगंगेभोवती एक फेरी मारायलाच बावीस-तेवीस कोटी वर्षे लागतात. आपल्या भावंडांपासून सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने दुरावणारा तारा एक कोटी वर्षांत जेमतेम तीनशे-साडेतीनशे प्रकाशवर्षे जाईल. आणि दीर्घिकेचा पसारा तर लाखभर प्रकाशवर्षांचा. म्हणजे ज्या आळीत जन्म, त्याच आळीत मृत्यू.

दुसऱ्या जातीची गोष्ट निराळी. सूर्यासारखा मध्यम तारा मरताना फुटत नाही. तो हळूहळू आपले कवच सोडून देतो आणि पृथ्वीएवढा आकुंचित, घट्ट गोळा होऊन राहतो. याला श्वेतबटू म्हणतात. एकटा असेल तर तो निवत जातो, बाकी काही घडत नाही. पण त्याला जोडीदार तारा असेल आणि त्याच्याकडून वस्तुमान येत राहिले, किंवा दोन श्वेतबटू एकमेकांवर आदळले, तर आतला कार्बन एकदम पेट घेतो आणि अख्खा गोळा उडून जातो. मागे काहीही उरत नाही. ही वेळ दहा कोटी वर्षांनी येईल किंवा हजार कोटी वर्षांनी. तेवढ्या काळात तारा कुठून कुठे गेलेला असतो. कोकणात जन्मलेला, मुंबईत नोकरी केलेला आणि म्हातारपणी पुण्यात मुलाकडे राहिलेला माणूस वारला, तर मृत्यूच्या दाखल्यावरच्या पत्त्यावरून त्याचे जन्मगाव कसे कळणार?

म्हणूनच दीर्घिका पाहिली की तिथे कोणता स्फोट होऊ शकेल याचा अंदाज बांधता येतो. लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे वृद्धाश्रम. तिथे वायू जवळजवळ संपलेला, नवे जन्म थांबलेले. तिथे दिसतात ते श्वेतबटूंचेच स्फोट. महाकाय ताऱ्यांचे मरण तिथे जवळपास आढळतच नाही, कारण असे तारे तिथे केव्हाच संपले. उलट एनजीसी ६९४६ या चक्राकार दीर्घिकेत १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत दहा स्फोट नोंदले गेले. तिला ‘आतषबाजीची दीर्घिका’ असेच नाव पडले आहे.

आज हे सरळ वाटते. पण दीर्घिका आणि त्यातला स्फोट यांचे नाते न कळल्याने शास्त्रज्ञ एकदा चांगलेच चकले होते. ऑगस्ट १८८५ मध्ये देवयानीच्या तेजोमेघात एक नवा तारा चमकला. तो नेहमीचा साधा ‘नवतारा’ समजला गेला. मग हिशेब असा झाला, की साधा नवतारा एवढा ठळक दिसतो, त्या अर्थी देवयानी जवळच, आपल्याच आकाशगंगेत असली पाहिजे. १९२० मध्ये अमेरिकेत शॅप्ली आणि कर्टिस यांच्यात जो गाजलेला वाद झाला, त्यात हा मुद्दा निघाला होता. पुढे हबलने देवयानीतले स्पंदन पावणारे तारे मोजले आणि ती स्वतंत्र, फार दूरची दीर्घिका असल्याचे दाखवले. मग १८८५ चा तारा किती भयंकर तेजस्वी असला पाहिजे, हे ध्यानात आले. १९३४ मध्ये बाडे आणि झ्विकी यांनी अशा ताऱ्यांसाठी ‘सुपरनोव्हा’ हे नाव रूढ केले आणि १९४१ मध्ये मिंकोव्स्की यांनी वर्णपटावरून त्यांच्या दोन जाती पाडल्या. वर्गीकरण आधी झाले, कारण मागाहून कळले, त्यामुळे या जातींच्या नावांत बराच घोळ आहे. त्यात आपण शिरायला नको. श्वेतबटूच्या स्फोटाला ‘टाइप वन-ए’ म्हणतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

कारण आज सगळा वाद त्याच्याच भोवती आहे. रात्री दूरच्या वाडीवर दिवा दिसतो. प्रत्येक घरात शंभर वॅटचाच दिवा आहे हे ठाऊक असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून वाडी किती लांब ते सांगता येईल. टाइप वन-ए स्फोट जवळजवळ असे एकसारखे दिवे आहेत. जे थोडे जास्त तेजस्वी असतात ते सावकाश विझतात. तेवढी दुरुस्ती केली की काम भागते. याच पद्धतीने १९९८ मध्ये दोन गटांनी दाखवले की दूरचे स्फोट अपेक्षेपेक्षा मंद दिसतात, म्हणजेच विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे. त्यामागे जी कोणती गोष्ट आहे तिला कृष्णऊर्जा म्हटले जाते. या शोधाला २०११ चे नोबेल मिळाले.

पण २०१० च्या सुमारास एक अडचण पुढे आली. सगळ्या दुरुस्त्या केल्यावरही मोठ्या, वजनदार दीर्घिकांमधले स्फोट लहान दीर्घिकांमधल्यांपेक्षा किंचित, पाच-दहा टक्क्यांच्या आसपास, अधिक तेजस्वी ठरतात. दिवा एकच, पण गाव मोठे असले की उजेड थोडा जास्त! हे धुळीमुळे, की फुटणाऱ्या ताऱ्यांच्या वयामुळे, यावर अजून खल चालू आहे. १९९८ चा परिणाम याहून बराच मोठा होता, त्यामुळे केवळ एवढ्याने तो पुसला जात नाही. मात्र आजचा प्रश्न अधिक नाजूक आहे: कृष्णऊर्जा कायम तेवढीच आहे की काळाबरोबर बदलते? २०२४ आणि २०२५ मध्ये ‘डेसी’ या दीर्घिकांच्या सर्वेक्षणाने, अतिनवताऱ्यांच्या मोजमापांची जोड घेऊन, ती बदलत असावी असे सुचवले. इथे पाच टक्क्यांची चूकही महागात पडते. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या दीर्घिका आजच्यापेक्षा तरुण होत्या, तेव्हा त्यांतले फुटणारे तारेही तरुण असणार. २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील योनसेई विद्यापीठाच्या गटाने तर असा दावा केला, की वयाचा हा परिणाम पुरता धरला तर प्रसरण आज मंदावू लागलेले दिसते. अनेक तज्ज्ञांना तो मान्य नाही. मलाही तो घाईचा वाटतो. पण दीर्घिकेकडे न पाहता तिच्यातला दिवा मोजणे आता कोणालाच परवडणार नाही, हे मात्र खरे.

आणि दीर्घिकाही या स्फोटांपासून अलिप्त राहत नाही. सप्तर्षींच्याच परिसरात एम ८२ नावाची दीर्घिका आहे. तिच्या मध्यभागी तारे एवढ्या झपाट्याने जन्मतात आणि मरतात, की स्फोटांच्या रेट्याने तापलेला वायू चकतीच्या वर आणि खाली झोताने बाहेर पडताना दिसतो. (गंमत म्हणजे जानेवारी २०१४ मध्ये तिथे जो स्फोट दिसला, तो नेमका श्वेतबटूचा निघाला.) लहान दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण दुबळे, तिथे काही स्फोटच वायू हुसकावून लावतात आणि नव्या ताऱ्यांचे जन्म रोखून धरतात. उरलेल्या वायूत राख मिसळते. महाकाय तारे मुख्यतः ऑक्सिजन देतात, आणि लवकर देतात. लोखंडाचा मोठा वाटा श्वेतबटूंकडून उशिरा येतो. त्यामुळे एखाद्या जुन्या ताऱ्यात ऑक्सिजनच्या मानाने लोखंड किती हे पाहिले, की तो दीर्घिकेच्या कोणत्या वयात जन्मला याचा अंदाज येतो.

चिलीमधील रुबिन वेधशाळेने २०२५ च्या जूनमध्ये आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. दहा वर्षे दक्षिणेचे आकाश पुन्हा पुन्हा टिपत राहण्याची तिची योजना आहे, आणि त्यातून लाखो अतिनवतारे हाती लागतील अशी अपेक्षा आहे. त्या प्रत्येकाच्या नोंदीत तेजाच्या आकड्याशेजारी त्याच्या दीर्घिकेचे वजन, वय, धूळ आणि तिच्यातली त्याची नेमकी जागा, हे रकानेही भरावे लागतील.