मजकुरातील अक्षरांची झडती

१९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने ज्या रसायनीत ॲनिलीन, नायट्रोबेंझिन आदी द्रव्ये निर्माण केली, आणि जिथले तोट्यातले कारखाने बंद करून अग्निबाणांना लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा कारखाना तेवढा इस्रोकडे सोपवावा असे केंद्र सरकारने २०१७ साली ठरविले, ती रसायनी खालापूर तालुक्यातल्या मोहोपाड्याला अगदी लागून आहे. अशा मुलखात मालाचे वर्णन म्हणजे जिनसाचे नाव, शुद्धतेची टक्केवारी, पिंपाचे वजन, तारीख आणि रसायनाचा जागतिक नोंदणी-क्रमांक यांची एकाच ओळीतली दाटी होय. आणि हजारो ओळींतून तो क्रमांकच वेचून काढावयाचा असेल, तर कारकुनाच्या डोळ्यांपेक्षा रेग्युलर एक्स्प्रेशन हे साधन अधिक उपयोगी पडते.

या साधनाला शब्द सांगावयाचा नसून शब्दाची आकृती सांगावयाची असते. स्टीफन क्लीनी या गणितज्ञाने १९५१ साली मज्जातंतूंच्या जाळ्यांचा विचार करताना तिची मांडणी केली आणि १९६८ साली केन टॉम्प्सनने तिला मजकूर-शोधाच्या कामी जुंपले. आपला हुकूम असा: दोन ते सात अंक, आडवी रेघ, दोन अंक, पुन्हा रेघ, शेवटी एक अंक. ॲनिलीनचा ६२-५३-३ त्यात बरोबर बसतो. त्यातला अखेरचा अंक पडताळ्याचा: उरलेल्या अंकांना उजवीकडून अनुक्रमे १, २, ३, ४ यांनी गुणून बेरीज केली की ४३ येतात, आणि त्यातला एकं स्थानचा ३ हाच तो. परंतु वर्ष आधी घालून आणि दिवसामागचे शून्य गाळून लिहिलेली २०१९-०४-७ ही तारीखही त्याच आकृतीत बसते. इतकेच नव्हे, बेरीज ४७ येऊन ती पडताळ्यातूनही निर्दोष सुटते! आकृतीला अर्थाची वार्ता नसते, हे इतक्या स्वच्छपणे दाखविणारा दुसरा दाखला मला तरी आठवत नाही.

मजकूर मराठी असला की पेच वाढतो. अंकांची मर्यादा आंतरराष्ट्रीय अंकांत घातली तर युनिकोडमध्ये निराळे स्थान असलेले देवनागरी अंक तिच्याबाहेर राहतात. ‘क ते ह’ एवढीच मर्यादा घातली तर ‘पिंप’मधले दोन प हाती लागतात आणि वेलांटी व अनुस्वार निसटतात, कारण त्यांची नोंद व्यंजनांच्या रांगेत नाही. त्याहून फसवी गोष्ट ॲनिलीनच्या आद्याक्षराची. २००८ साली युनिकोडने या अक्षराला स्वतंत्र स्थान दिले. पण ‘अ’ला चंद्र जोडूनही तेच रूप उमटते. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला मात्र परस्परांशी नाते नसलेली. शिवाय कुणी ‘ऍ’ लिहितो, कुणी ‘लि’ ऱ्हस्व काढतो. म्हणून शहाणा कामगार लेखनशुद्धीचा आग्रह क्षणभर बाजूला ठेवून सर्वच रूपांना उभ्या रेघेने विकल्प देतो: (ॲ|अॅ|ऍ)नि(लि|ली)न.