तीन रिपोर्ट, तीन आकडे

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एक गृहस्थ रात्री जेवणवेळेला घरी आले आणि त्यांनी आमच्यापुढे तीन कागद ठेवले. सोबत त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा होता. तो दारातच मान खाली घालून उभा राहिला. मुलाचे लग्न ठरत आले होते. अंगात त्राण नाही, कशात मन लागत नाही, म्हणून त्याने एका तपासणी शिबिरात घरी न सांगता रक्त दिले होते. पहिल्या कागदावर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, २३८ आणि पुढे खाली तोंड केलेला बाण. घाबरून दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले, तर तिथे ३.८.

"दोनशे अडतीसवरून पावणेचारवर आलं हो!" वडिलांचा आवाज कापत होता.

तिसऱ्या कागदावर 'फ्री टेस्टोस्टेरॉन' कमी दाखवले होते. तो कागद पाहून स्वतःला तज्ज्ञ म्हणवणाऱ्या एकाने इंजेक्शनांचा कोर्स लिहून दिला होता. पहिले इंजेक्शन विकतही घेऊन झाले होते. टोचणे तेवढे बाकी होते.

आम्ही पडलो कारकून, डॉक्टर नव्हे. पण हिशेब जुळेना की आधी आकड्यापुढचे माप पाहायचे, ही सवय हाडात मुरलेली. पहिल्या कागदावर माप होते नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसऱ्यावर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. एका डेसिलिटरमध्ये शंभर मिलिलिटर. म्हणजे एका वहीत पैसे लिहिलेले आणि दुसऱ्या वहीत रुपये! ३.८ म्हणजे पहिल्या मापाने ३८०. मुलाचा आकडा घटला नव्हता, उलट वाढला होता. काही प्रयोगशाळा नॅनोमोल प्रति लिटर हे तिसरेच माप छापतात. त्याला २८.८ ने गुणले की डेसिलिटरचा हिशेब मिळतो.

तरीही २३८ आणि ३८० यांत अंतर राहतेच. म्हणून त्याला घेऊन आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवले आणि आधी मुलाला विचारले, "रक्त किती वाजता दिलंस? त्याआधी काय खाल्लंस? झोप किती झाली होती?" मुलगा भिवंडीच्या गोदामात रात्रपाळीला. शिबिरात रक्त दिले दुपारी चार वाजता, दोन वडापाव आणि गोड चहा घेऊन. झोप झाली होती जेमतेम तीन तास.

हे संप्रेरक झोपेत चढते. सकाळी ते सर्वांत जास्त असते आणि तरुण माणसात दुपारी चारपर्यंत सुमारे पाव हिस्सा उतरते. गोड खाल्ल्यावरही काही वेळ खाली येते. तापात, आजारपणात घटते. २०११ साली शिकागो विद्यापीठात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले. मग आमच्या रात्रपाळीच्या पोरांचे काय होत असेल? त्यांची सकाळ घड्याळाची सकाळ नसते. रात्रभर जागून आठ वाजता दिलेले रक्त हे 'सकाळचे रक्त' नव्हेच.

तिसऱ्या कागदाचेही कोडे बाईंनीच सोडवले. या संप्रेरकाचा बहुतेक भाग रक्तातील प्रथिनांना चिकटलेला असतो, सुटा असतो तो जेमतेम दोन टक्के. हा सुटा भाग थेट मोजण्याची स्वस्त पद्धत भरवशाची नाही. एकूण संप्रेरक आणि ती प्रथिने मोजून गणिताने काढलेला आकडा बरा. लठ्ठ किंवा मधुमेही माणसात यातले एक प्रथिन कमी असते, त्यामुळे सुटा भाग ठीक असूनही एकूण आकडा कमी दिसू शकतो. शिवाय किमान मर्यादाही सगळीकडे एक नाही. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३०० धरते, तर तिथल्याच संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने लठ्ठ नसलेल्या तरुणांसाठी २६४ सांगितली आहे. २८० वाला माणूस एकीकडे आजारी, दुसरीकडे धडधाकट!

खरा धोका मात्र त्या इंजेक्शनात होता. बाहेरून हे संप्रेरक मिळू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना संदेश धाडणे थांबवते आणि शुक्रजंतू तयार होणे मंदावते, कित्येकांत बंदच पडते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये दर आठवड्याच्या अशाच इंजेक्शनांचा प्रयोग संततिनियमनासाठी प्रसिद्ध केला होता. त्यात निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्रजंतू शून्यावर आले होते. इंजेक्शन थांबवल्यावर ते बहुधा परततात, पण महिने लागतात. लग्नाला उभ्या मुलाला मर्दानगीच्या नावाखाली हे टोचायला निघालेल्या त्या 'तज्ज्ञा'चा आम्हाला आजही संताप येतो.

बाईंनी आठवडाभर रजा घेऊन रात्री झोपायला सांगितले. रोजंदारी बुडाली. मग सकाळी आठला, उपाशीपोटी, एकाच प्रयोगशाळेत काही दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त दिले. आकडे आले ४३६ आणि ४१८. पीयूषिकेचे संदेशवाहक संप्रेरक, एल. एच., तेही ठीक. दोन्ही वेळा आकडा खरोखर कमी आला असता तर हाच एल. एच. दोष कुठे आहे ते सांगतो. तो चढलेला असेल तर दोष वृषणांत, नसेल तर वर पीयूषिकेकडे शोधायचा. दाढी-मिशी न फुटणे, वृषण फार लहान असणे, गालगुंडात वृषण सुजलेले असणे, अशी लक्षणे असतील तर तपासणी टाळू नये आणि लाजूही नये. तो खराच आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत.

आमच्या मुलाचा थकवा झोपेचाच निघाला. पत्र्याच्या खोलीत, दुपारच्या उन्हात, भावंडांच्या गलक्यात तो झोपणार तरी कसा? नोकरी सोडणे शक्य नव्हते. आता तो पाळीहून येतो तो थेट तळमजल्यावरच्या आत्याच्या खोलीवर. खिडकीला जुनी चादर लावली आहे आणि त्याचा मोबाईल तीन वाजेपर्यंत आईच्या ताब्यात असतो.