वर्दीमागचे लिखाणकाम

कारंजा तालुक्यातल्या धनज बुद्रुकला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्याचा हा भाग सोयाबीन, तूर आणि कपाशीचा आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण लोकांनी इथे ठाण्यालाही लावली आहे. त्यामुळे बहुतेकांना पोलीस दिसतो तो रस्त्यावर दंड करताना, मोर्चात लाठी घेऊन उभा असताना, नाहीतर पडद्यावर.

पडद्यावरच्या पोलिसाने आपल्या समजुती फार घडवल्या. 'जंजीर' (1973) ते 'सिंघम' (2011) हा नायक एकटाच गुन्हेगार शोधतो आणि शिक्षाही एकटाच देतो. श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरचा 'अर्धसत्य' (1983) मात्र वर्दीतल्या माणसाची घुसमट दाखवतो. झटपट न्याय देणाऱ्या पडद्यावरच्या पोलिसामुळे चुकीचा संदेश जातो, असे मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 2023 मध्ये जाहीरपणे सांगितले होते. पोलिसाने शोधायचे, न्यायालयाने ठरवायचे, ही आपल्या कायद्याची मूळ मांडणी आहे. म्हणूनच पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही.

ग्रामीण ठाण्यात रोज येते ते वेगळेच असते. धुऱ्याचा वाद, विहिरीवरून गेलेली मोटर, शेतातून उचललेले सोयाबीनचे कट्टे, दारू पिऊन केलेली मारहाण, घरातून निघून गेलेली मुलगी. यातली कितीतरी प्रकरणे अदखलपात्र असतात. त्यांत दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसाला तपास करता येत नाही. 'एन.सी.' म्हणजे अदखलपात्र नोंद घेतली, एवढे ऐकून तक्रारदार परततो आणि आपल्याला टोलवले असे समजतो. काही वेळा ते खरेही असते. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाला 12 नोव्हेंबर 2013 रोजी ललिता कुमारी खटल्यात बजावावे लागले, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे.

या मुलखातल्या पोलिसाचे सर्वांत जड काम कोणत्याही सिनेमात येत नाही. केंद्राने 2006 मध्ये विदर्भातल्या ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले, त्यांत वाशीम होता. शेतकऱ्याने विष घेतल्याची खबर आली की हवालदार घरी किंवा रुग्णालयात पोहोचतो. मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल होतो, पंच बोलावले जातात, मृतदेहाचा पंचनामा होतो, शवविच्छेदनासाठी कागद तयार होतात. गरज पडल्यास व्हिसेरा न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. ज्या विधवेला नीट बोलताही येत नाही, तिचाच जबाब त्याला लिहून घ्यावा लागतो. हेच कागद पुढे तहसीलमार्गे जिल्हा समितीपुढे जातात आणि राज्य सरकारची एक लाखाची मदत मिळणार की नाही, हे ठरताना पाहिले जातात. पंचनाम्यात एखादी ओळ घाईने लिहिली गेली, तर त्याची झळ त्या घराला बसते. हवालदाराच्या अक्षरावर एका कुटुंबाची पुढची काही वर्षे अवलंबून असतात.

त्यात महामार्गाची भर पडली आहे. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि कारंजा त्याच वाटेवर आले. 1 जुलै 2023 च्या पहाटे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ, खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले. अशा वेळी जखमींना हलवणे, वाहतूक वळवणे, मृतांची ओळख पटवणे आणि नातेवाइकांना फोन करणे ही कामे पोलिसावर पडतात. तो फोन कसा करायचा, हे त्याने प्रशिक्षणात शिकलेले नसते.

शिवाय पोहरादेवीची रामनवमीची यात्रा, गणपती, निवडणुका यांचा बंदोबस्त, समन्स-वॉरंटची बजावणी, आरोपीला कोर्टात नेणे, मुद्देमाल सांभाळणे आणि चारित्र्य पडताळणी आहेच. 'कॉमन कॉज' आणि 'लोकनीती' यांच्या 2019 च्या देशव्यापी अहवालात पोलिसांचा कामाचा दिवस सरासरी 14 तासांचा आढळला. बंदोबस्तावरून आलेला अंमलदार रात्री तपासाचे कागद लिहायला बसतो, तेव्हा तपास कच्चा राहतो. आरोपी सुटला की आपण म्हणतो, पोलीस विकले गेले. काही ठिकाणी ते विकले गेलेलेही असतात. पण अनेक ठिकाणी ते फक्त थकलेले असतात. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसे वेगळी ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी सांगितले. गावपातळीवर एकच माणूस आजही दोन्ही ओझी वाहतो.

असे असले तरी लोकांची भीती निराधार नाही. 1972 मध्ये याच विदर्भात, देसाईगंजच्या ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाल्याचे प्रकरण घडले. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडल्यावर देशभर संताप उसळला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पुढे डी. के. बसू खटल्याने अटकेचे नियम घालून दिले आणि 2020 मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश आला. यातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी यातनेतून आला आहे. थकवा हे मारहाणीचे समर्थन होऊ शकत नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत झडती-जप्तीचे चित्रीकरण आहे, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारी शून्य एफआयआर आहे, आणि तपास कुठवर आला हे 90 दिवसांत फिर्यादीला कळवण्याचे बंधन आहे. तरतुदी चांगल्या आहेत, पण त्या राबवायला माणसे, साधने आणि झोप झालेले डोळे लागतात.

चांगला पोलीस म्हणजे घाव घालणारा नव्हे, तर नीट ऐकून घेणारा आणि खरे लिहिणारा, हे आपण मनाशी पक्के केले पाहिजे. चकमकीला टाळ्या वाजवणारा समाज नीट तपासाची मागणी करण्याचा हक्क स्वतःच गमावतो. तेव्हा फिर्याद दिलीत तर एफआयआरची प्रत मागा; ती मोफत मिळणे तुमचा अधिकार आहे. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. पंच म्हणून बोलावले तर टाळू नका. आणि मत मागायला येणाऱ्याला विचारा, आमच्या ठाण्यातल्या रिकाम्या जागा कधी भरणार?