रात्री दोनला सुरू होणारं गणित: मन पळत असताना झोप कशी येणार?

रात्रीचे दोन. विरारच्या वन रूम किचनमध्ये घर झोपलंय, एकाचं मात्र गणित सुरू आहे: ‘आत्ता झोप लागली तर साडेतीन तास मिळतील.’ साडेपाचला उठायचं, लोकलने ६० किलोमीटरवरचं चर्चगेट गाठायचं. घराचा हप्ता, साहेबांचा मेसेज, मुलीची फी, सगळं नेमकं आत्ताच आठवतं.

असं का होतं? दिवसभर मन गर्दीत आणि मोबाइलमध्ये गुंतलेलं असतं. अंधारात ते मोकळं होतं. त्यात घड्याळ पाहिलं की शरीर आणखी सावध होतं. रोज असंच झालं तर मेंदू अंथरुणाचा संबंधच जागरणाशी जोडतो. म्हणून निद्रानाशावरच्या सीबीटी-आय या उपचारपद्धतीत सांगतात, वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठा, दुसऱ्या खोलीत जा. आता दुसरी खोली आणायची कुठून? स्वयंपाकघरात मंद दिव्यात बसलं तरी चालतं. मोबाइल नको. डोळे जड झाले की परत अंथरुणात.

याहून सोपा उपाय कागद-पेनाचा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण ९ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी नेमकी, तितका फायदा जास्त. नुसतं ‘पैसे’ लिहून भागत नाही. ‘सोमवारी बँकेत फोन’ असं लिहायचं.

आठवड्यातल्या तीन रात्री, तीन महिने हेच चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. सरकारी टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं.